कबड्डी सोडून भूमिती येत नाही

ताई, नमस्ते. मी दहावीत आहे. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, शाळा सात किलोमीटरवर. येणं-जाणं एसटीनं. मी शाळेच्या कबड्डी संघात आहे, 17 वर्षांखालील मुलींच्या. यंदा आम्ही जिल्ह्यात पहिल्या आलो, आता विभागीय स्पर्धा आहे. शाळा पाचला सुटते, सहापर्यंत सराव, मग साडेसहाच्या गाडीची वाट पाहायची. गॅदरिंगच्या नाचातही माझं नाव आहे. गुरुवारी गावात खंजिरी भजनाला असते. रविवारी आईसोबत कापूस वेचायला जावं लागतं, कारण मजूर मिळत नाहीत.

अभ्यास होतच नाही. बसत नाही असं नाही. रात्री साडेआठला बसते, भूमितीचं पुस्तक उघडते आणि मग पाणी प्यायला उठते, पेन्सिलीला टोक करते, नाहीतर टाइमटेबल बनवते. स्केचपेननं आतापर्यंत तीन बनवले. मग पाच मिनिटांसाठी दादाचा मोबाइल घेते आणि साडेदहा वाजतात. रोज वाटतं, उद्यापासून करू. विज्ञानाची प्रयोगवही अर्धीसुद्धा झाली नाही, आणि आईला मी सांगून टाकलं की झाली. जानेवारीत सराव परीक्षा आहे. आई म्हणते, "तुले कबड्डीच खेळाची हाय त शाळेत कायले जातं?" बाबा काहीच बोलत नाहीत. मला पोलीस व्हायचं आहे. ताई, मी आळशी आहे का? कबड्डी सोडून देऊ का?

– एक वाचक, जि. यवतमाळ

बेटा,

तू आळशी नाहीस आणि कबड्डी सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

दिवसभर शाळा करून, तासभर मातीत पडून-उठून, अंधारात गाडीनं घरी येणारी आणि रविवारी पुन्हा पऱ्हाटीत उभी राहणारी मुलगी आळशी असेल, तर मग कामसू कुणाला म्हणायचं ते मला माहीत नाही. ज्याला तसं वाटतं त्यानं एक दिवस कमरेला ओटी बांधून वावरात उतरावं. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडली की मत बदलतं.

आता कबड्डीचं. ती सोडून काय हाती लागेल, ते तुझ्याच पत्रात आहे. तुझा वाया जाणारा वेळ साडेआठ ते साडेदहा हा आहे. कबड्डी खेळतेस पाच ते सहा. या दोन वेळा एकमेकींच्या वाटेत येतच नाहीत. उद्या कबड्डी सोडलीस तर आधीची गाडी मिळेल, सहाच्या आत घरी येशील, आणि मग भूमिती टाळायला दोन तासांऐवजी चार तास मिळतील. दहावी आली की मुलांचा खेळ बंद करणारे पालक मी शाळेत शिकवत होते तेव्हा दरवर्षी भेटायचे. त्यानं काही मुलांचा अभ्यास सुधारलाही, खोटं कशाला बोलू. पण ती बहुतेक अशी होती, ज्यांचा खेळात जीव नव्हताच. तुझा आहे. "जिल्ह्यात पहिल्या आलो" हे तू पत्रात कुठे लिहिलंस बघ, अगदी वरच.

तुझ्या पत्रात दोन वेगळी दुखणी एकाच चादरीखाली झोपलीत. एक म्हणजे तुझ्यावर खरोखरच जास्त कामं आहेत. दुसरं, जे काम आहे ते तू टाळतेस. पहिल्यावर इलाज म्हणजे काहीतरी कमी करणं, आणि दुसऱ्यावर तो लागू पडत नाही. म्हणून आधी ओझं बघू, ते सोपं आहे.

गॅदरिंगचा नाच सोड. मला ठाऊक आहे, मैत्रिणी रुसतील. पण नाचाची प्रॅक्टिस शाळेच्या वेळात चालते आणि नेमक्या उजळणीच्या तासिका खाते. दहावीच्या मुलीसाठी डिसेंबरातली गणिताची एक तासिका घरच्या दोन तासांइतकी किमती, कारण अडलं की विचारायला समोर सर असतात. मॅडमना उद्याच सांग, म्हणजे तुझ्या जागी दुसरी मुलगी बसवायला त्यांना वेळ मिळेल. स्पर्धेचं कारण खरं आहे, तेच सांग.

भजन मात्र सोडू नकोस. आठवड्यातली एक संध्याकाळ आहे, गावातल्या गावात आहे, आणि तिथे तुला कुणी गुण देत नाही. तुकडोजी महाराजांच्या मुलखात राहून खंजिरी ठेवून दे असं सांगायची माझी हिंमतही नाही. तुझ्या सगळ्या आठवड्यात जिंकणं-हरणं नसलेली तेवढी एकच जागा दिसते. ती राहू दे.

आता दुसरं दुखणं. इतिहास टाळते असं तू लिहिलं नाहीस. मराठी टाळतेस असंही नाही. भूमिती टाळतेस आणि प्रयोगवही टाळतेस. म्हणजे अभ्यास होत नाही हे पूर्ण खरं नाही. दोन ठरावीक गोष्टी होत नाहीत, आणि त्या होत नाहीत म्हणून तिसऱ्या गोष्टीला बसायचा तुला धीर होत नाही. भूमितीचं पुस्तक उघडलं की पोटात काहीतरी होतं ना? "मला हे येत नाही" असं वाटतं, मग "मला येणारच नाही" असं वाटतं, आणि पाणी प्यायला उठलं की ते वाटणं थांबतं. तहान लागलेली नसते, सुटका हवी असते.

टाळाटाळीवर संशोधन करणाऱ्या फ्यूशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या दोघांनी 2013 साली नेमकं हेच मांडलं. त्यांचं म्हणणं असं की टाळाटाळ मुळात वेळेच्या नियोजनाची चूक नसते. मनाला आत्ता, या क्षणी बरं वाटावं म्हणून आपण काम ढकलतो आणि त्याचा भुर्दंड पुढच्या दिवसातल्या आपल्यावर टाकतो. हे पटलं तर तुझी तीन टाइमटेबलं का फसली तेही कळेल. टाइमटेबलानं वेळ वाटून मिळते, भूमितीची धास्ती जात नाही. उलट स्केचपेननं चौकटी आखताना अभ्यास केल्यासारखं वाटतं, ती तर आणखी गोड सुटका. चौथं बनवू नकोस.

मग काय करायचं? कबड्डीकडे बघ. सरावाला "उद्या जाऊ" असं तुझ्या मनात का येत नाही? दमलेली असतेस, कधी गुडघा सोललेला असतो, तरी जातेस. कारण पाचचा ठोका ठरलेला आहे, मैदान ठरलेलं आहे, बाकीच्या मुली वाट बघत असतात, सर शिट्टी वाजवतात. जावं की न जावं हा विचार करायची वेळच तुझ्यावर येत नाही. पकड सुटली तर कुणी तुला मूर्ख म्हणत नाही, पुन्हा उभी राहतेस. आणि भूमितीला तू रात्री एकटी, दमलेली, दिव्याखाली बसतेस, आणि आज बसू की नको ते रोज नव्यानं ठरवतेस. ही लढत बरोबरीची नाही.

चढाईचा नियम तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. 30 सेकंदांत गुण आणलाच पाहिजे अशी सक्ती नसते. रिकाम्या हातानं परतलेली चढाई चालते. पण कुणाला स्पर्श न करता, निदान रेषाही न ओलांडता परत आलीस तर बाद. भूमितीची अशीच एक निदान रेषा आखून घे, आणि ती लाज वाटावी इतकी जवळ आख. माझ्या मते ती अशी: एक प्रमेय किंवा एक उदाहरण घ्यायचं, त्याची आकृती काढायची, खाली "पक्ष" लिहायचं, "साध्य" लिहायचं. बस. सिद्धता लिहायची नाही. तीन-चार मिनिटांचं काम आहे आणि त्यात चुकण्यासारखं फारसं काही नाही, कारण जे दिलंय तेच तर उतरवायचं असतं. एवढं झालं की त्या दिवशी तू बाद नाहीस. वही मिटायला मोकळी.

तू मिटणार नाहीस बहुतेक दिवशी. पक्ष आणि साध्य समोर लिहिलेलं असलं की तिसरी ओळ आपोआप सुचायला लागते. "प्रमाणाचं मूलभूत प्रमेय" घेऊन बघ: त्रिकोण काढला, एका बाजूला समांतर रेषा काढली, आता कुठल्या दोन त्रिकोणांची क्षेत्रफळं तोलायची हे आकृतीच सांगते. पण मिटलीस तरी चालेल, हे मी मनापासून म्हणतेय. "थोडंसं करते" म्हणायचं आणि मनात दोन तासांचा बेत ठेवायचा, ही स्वतःशी केलेली फसवणूक मन लगेच ओळखतं आणि दुसऱ्या दिवशी तेवढंही करू देत नाही.

सुरुवात समरूपतेपासूनच करायची असंही नाही. भूमितीच्या पुस्तकात सात प्रकरणं आहेत. तू चौथं घे, भौमितिक रचना. कंपास आणि पट्टी हातात असली की हात चालतात, आणि हात चालले की डोकं मागून येतं. रचनेत बरोबर आली की नाही हे लगेच डोळ्यांना दिसतं. ते हाताला बसलं की वर्तुळ घे, कारण स्पर्शिका तू रचनेत काढलेलीच असेल. महत्त्वमापनाची सूत्रं आणि त्रिकोणमिती हा पाठांतराचा भाग, त्याला रात्रीचा वेळ घालवू नकोस. ते साडेसहाच्या गाडीच्या थांब्यावर.

त्या अर्ध्या तासाबद्दल तू पत्रात एकच ओळ लिहिलीस, पण मला तो फार कामाचा दिसतो. संघातली आणखी एखादी दहावीतली असेलच. तिला धर. पुस्तक काढायचं नाही, अंधार असतो आणि अंगाला माती लागलेली असते. नुसतं तोंडी: साइन 30 किती, कॉस 60 किती, शंकूचं वक्रपृष्ठफळ काय, चौथं तीच विचारेल. एकमेकींच्या चुका काढायच्या, हसायचं. गाडी आली की बंद. रात्री एकटीनं जे होत नाही ते कुणीतरी सोबत असलं की होतं, आणि तुला तर सोबतीनं काम करायची सवयच आहे.

रात्रीसाठी वेळ नको ठरवूस, खूण ठरव. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञानं 1999 साली यावर लिहिलंय. "मी रोज अभ्यास करीन" असा नुसता निश्चय करणाऱ्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं आधीच बांधून ठेवणाऱ्याच्या हातून काम जास्त पार पडतं. खेड्यातल्या घराला तर हे फारच लागू. आपल्याकडे साडेआठ म्हणजे साडेआठ कुठे असतं? कधी जेवण उशिरा, कधी पाहुणे, कधी बाबा रात्रीच्या लाइनवर ओलिताला निघाले की त्यांचा डबा. म्हणून घड्याळाला नाही, कामाला बांध: माझं ताट घासून पालथं ठेवलं की तिथून सरळ वहीपाशी. मध्ये काही नाही. लाइट गेली तर काय करायचं तेही आत्ताच ठरव. लाइट गेली तर प्रमेय तोंडानं म्हणायचं. पाण्याचा गडवा आधीच जवळ घेऊन बस, पेन्सिलींना टोकं दुपारी शाळेत करून ठेव. उठायची निमित्तं तू स्वतःच लिहून पाठवलीस, ती बसायच्या आधीच संपव.

आणि दोन तास बसू नकोस. फार तर पाऊण तास भूमिती, मग जो आवडता विषय असेल तो, आणि दहाच्या आत झोप. खेळणाऱ्या मुलीला झोप लागतेच, आणि दिवसा शिकलेलं झोपेतच पक्कं होतं.

मोबाइलबद्दल थोडक्यात. "पाच मिनिटं" हा शब्द तिथे कुणालाच पाळता येत नाही, मलाही नाही. स्वतःच्या मनावर ताबा ठेवायच्या भानगडीत पडूच नकोस. दादाला सांग, मी रात्री कितीही मागितला तरी द्यायचा नाही. भावांना बहिणीला नाही म्हणायला आवडतंच, हे काम तो आनंदानं करेल.

आता प्रयोगवही. ती डोक्यावर बसली आहे कारण ती किती बाकी आहे ते तुला नक्की माहीत नाही. "अर्धीसुद्धा झाली नाही" ही धास्ती झाली, आकडा नाही. वही उघड, राहिलेले प्रयोग मोज, आणि एक प्रयोग घड्याळ लावून पूर्ण कर. डावीकडच्या कोऱ्या पानावर आकृती, उजवीकडे उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. समजा 12 राहिलेत आणि एकाला 40 मिनिटं लागली, तर 8 तास झाले. आता तुला कळलं की हे काम एका रात्रीत होणारं नाही आणि महिनाभर पुरेल असंही नाही. अंदाजानं ठरवू नकोस, आपला अंदाज नेहमी स्वतःच्या बाजूनं खोटा असतो. 1994 साली कॅनडात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल असं विचारलं होतं. त्यांनी सरासरी 34 दिवस सांगितले आणि प्रत्यक्षात 55 लागले. ती मुलं आळशी नव्हती, माणसाचा अंदाजच असा असतो.

वही घरी पूर्ण करायची नाही, शाळेत करायची. मधल्या सुट्टीचा उरलेला वेळ, मोकळी तासिका, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सराव सुरू होईपर्यंतचा वेळ. तिथे उपकरणं आहेत, वही पूर्ण केलेल्या मैत्रिणी आहेत, शंका आली तर सर आहेत. आणि तुझं ते स्केचपेन प्रकरण बघता एक बजावते: समास रंगवायचे नाहीत, मथळ्याखाली नागमोडी रेघा नाहीत. मला शंका आहे की वही रखडण्यात सुंदर वहीच्या हौसेचा बराच वाटा आहे. विज्ञानाचे अंतर्गत 20 गुण आहेत, आणि ते नक्षीला मिळत नाहीत.

पोलीस व्हायचं म्हणतेस. शिपाई भरतीला बारावी पास लागते. त्यात मैदानीचे 50 गुण, लेखीचे 100. तुझ्यासारख्या मुली मैदानी काढतात. 800 मीटर, 100 मीटर, गोळाफेक यांची तुला भीती नसेल. लेखीत अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असते आणि तिथे बऱ्याच चांगल्या खेळाडू मागे राहतात. म्हणून भूमिती किती आली यापेक्षा, गणित समोर आलं की उठून पळायची जी सवय लागली आहे ती दहावीतच मोडलेली बरी. तुझ्या आईला कबड्डी आणि अभ्यास एकमेकांचे वैरी वाटतात, पण तू निवडलेल्या कामात दोन्ही एकाच अर्जावर आहेत. तिला हे आकडे सांग.

आणखी एक काम, ते आठवड्यात उरक. जिल्हा, विभाग, राज्य पातळीवरच्या पात्र खेळाडूंना दहावीला सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जातो. प्रमाणपत्राची झेरॉक्स नाही, कुणीतरी सही विसरलं, मुदत गेली, अशा कारणांनी मुलांचे गुण बुडालेले मी पाहिलेत. क्रीडा शिक्षकांना विचार, कागद कोणते लागतात ते लिहून घे आणि स्वतःची एक फाइल कर. यात "सर करतील" असं धरून चालू नकोस.

विभागीय स्पर्धेच्या दोन-तीन दिवसांत पुस्तक नेऊ नकोस. पिशवीत भूमितीचं पुस्तक टाकायचं, ते न उघडताच परत आणायचं आणि त्याचा अपराध आठवडाभर वागवायचा, हे दहावीचे खेळाडू दरवर्षी करतात. गाडीत ती तोंडी सूत्रं म्हणा, बाकी खेळा. परत आल्यावर एक दिवस झोप, आणि त्यानंतरच्या रात्री ताट पालथं पडलं की पुन्हा पक्ष, साध्य.

रविवारच्या कापसाचा विषय नाजूक आहे. तू तक्रार केली नाहीस, "जावं लागतं" एवढंच लिहिलंस. आईची बाजू मला दिसते. फुटलेला कापूस वावरात राहिला आणि वरून पाऊस आला तर भिजतो, प्रत जाते, भाव पडतो. मजूर मिळत नाही, मिळाला तर किलोवर मजुरी मागतो. घरचे दोन हात तिला सोडवत नाहीत हे समजण्यासारखं आहे. म्हणून "मी येणार नाही" असं म्हणू नकोस, तसं म्हणून काही मिळणारही नाही. अर्धा दिवस माग. सकाळी दव वाळलं की वेचायला लागायचं ते दुपारच्या भाकरीपर्यंत, तेवढ्यात तू मन लावून वेचशील. दुपारनंतर घरी, अभ्यासाला. आणि सराव परीक्षेच्या आधीचे दोन रविवार पूर्ण सुटी. तारखा सांगून माग. "परीक्षा जवळ आली" असं नुसतं म्हटलं की ते घरच्यांना जूनपासून ऐकू येतच असतं.

तुझं एकटीचं ऐकलं नाही तर क्रीडा शिक्षकांना किंवा वर्गशिक्षकांना एकदा घरी यायला सांग. आपल्याकडे सरांनी अंगणातल्या खाटेवर बसून कपभर चहा घेतला की अर्धा प्रश्न सुटतो. आणि बाबांशी बोल. जे काही बोलत नाहीत ते विरोधात असतात असं नाही. रात्रभर ओलित करून आलेल्या माणसाला बोलायची ताकद नसते, एवढंच. दुपारी ते धुऱ्यावर बसलेले असताना विचार.

हे सगळं पहिल्या आठवड्यात जमेल आणि दुसऱ्या आठवड्यात एक-दोन दिवस बुडतील. बुडतीलच. तेव्हा स्वतःला शिव्या घालत बसायचं नाही. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर 2010 साली एक अभ्यास झाला. पहिल्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ केलेल्यांपैकी ज्यांनी स्वतःला माफ करून टाकलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. हे ऐकायला उलटं वाटतं, आपल्याकडे पोराला बोलून बोलून सुधारायची पद्धत आहे. पण आधीच सांगितलं ना, तू भूमितीपासून नाही, भूमिती उघडल्यावर स्वतःबद्दल जे वाटतं त्यापासून पळतेस. त्यात अपराधाची भर घातलीस तर पळायला आणखी एक कारण मिळेल. मंगळवार बुडाला तर बुधवारी दुप्पट करायचं नाही. बुधवारी फक्त बुधवारचं.

राहिली ती वहीची थाप. आईला "झाली" म्हणून सांगितलंस, आणि पत्रात ते एका ओळीत उरकलंस, पण मला वाटतं तुला सगळ्यात जास्त तेच बोचतंय. तुझ्या डोक्यात बेत असा असेल की गुपचूप वही पूर्ण करू आणि मग थाप आपोआप खरी होईल. तसं करू नकोस. तेही "उद्या करू"च झालं. या आठवड्यातच सांग: वही झाली नाही, एवढे प्रयोग राहिलेत, शाळेतच रोज एक करणार आहे, या तारखेला दाखवीन. ती चिडेल. दोन शब्द कबड्डीलाही ऐकावे लागतील, ऐकून घे. आणि रविवारच्या अर्ध्या सुटीचं त्याच दिवशी काढू नकोस, मध्ये चार दिवस जाऊ दे.

– ताई